पुढे ढकलायची गोळी

माझी पाळी जाऊन दोन वर्षं उलटली होती. आणि एका सकाळी, पापड लाटायला बसायच्या आधी, मला डाग दिसला. एवढासाच. आधी वाटलं, मूळव्याध असेल. मग वाटलं, काल वजन उचललं त्याचं असेल. पिठाची गोणी मी एकटीने ओढली होती, नवरा ‘थांब’ म्हणेपर्यंत ओढून झालीसुद्धा होती. बाईच्या अंगातून रक्त यायची जेवढी साधी कारणं असतील तेवढी सगळी मी मोरीतच उभी राहून आठवून घेतली. दुपारपर्यंत शंकेला जागा राहिली नाही. हे तेच होतं आणि तिथूनच येत होतं.

आता याला पाळी म्हणायचं का?

तुम्ही म्हणाल, काहीही म्हणा, फरक काय पडतो. आमच्याकडे पडतो. पेणला रामवाडीत आमच्या घराच्या पडवीत थंडी सरायला लागली की पोह्याच्या पापडांचं काम निघतं, ते पाऊस जवळ येईपर्यंत चालतं. मी आणि आळीतल्या तिघी. पीठ मळायचं, तेलाचा हात लावून कुटायचं, लाट्या पाडायच्या, लाटायचं, सावलीत वाळवायचं. आणि पाळीच्या बाईने पापडाला शिवायचं नाही. शिवली तर तो तळताना लाल पडतो म्हणतात. मी दोन वर्षं कॉलेजात गेलेली बाई आहे, माझा त्यावर विश्वास नाही. पण गिऱ्हाइकाचा आहे. एखादी तळण लाल निघाली की चौघींपैकी कुणा एकीकडे बघितलं जाणार, म्हणून मी तो नियम कधी मोडला नाही. ऐन हंगामात चार दिवस उंबऱ्याशी बसून नुसतं दुसऱ्यांचं लाटणं बघायचं याने मात्र माझं डोकं फिरायचं. पाळी गेली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. आमच्याकडे म्हणतात, सुटली. मीही सुटले.

सुटले कसली. त्यानंतरच्या वर्षाने माझा पिट्ट्या पाडला. बसल्या बसल्या अंगात वाफ भरायची. छातीतून निघायची, मानेवरून कानांवर जायची, आणि ब्लाउज पाठीला चिकटायचा. घाम पोळपाटावर टपकेल म्हणून मी मान मागे टाकून लाटायला शिकले. झोप उडाली ती उडालीच. नवरा पंखा एकवर ठेवायचा, मी पाचवर करायची. त्याला हुडहुडी भरली की तो चादर घेऊन पडवीत जाऊन झोपायचा. मी येताजाता भांडायला लागले. पोस्टमनशी भांडले, त्याचा काहीएक दोष नव्हता. शेवटी नवराच म्हणाला, “डॉक्टरकडे जाऊन ये. तुझ्यासाठी नाय, माझ्यासाठी जा.”

आमच्या पेणमधल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत आणि बोलतात भरभर. त्यांनी सगळं तपासलं. सोनोग्राफी केली, छातीचा फोटो काढायला लावला, घराण्यात कुणाला काय झालं ते विचारलं. सगळं ठीक निघालं. मग म्हणाल्या, “अंगातले हार्मोन कमी झालेत. ते थोडे बाहेरून देऊ.” दोन पाकिटं लिहून दिली. “ही सकाळी, ही रात्री. सकाळची तुमच्यासाठी, रात्रीची पिशवीसाठी. दोन्ही घ्यायच्या हं.”

पिशवी म्हणजे गर्भाशय. गर्भाशय हा शब्द आमच्याकडे फक्त सरकारी भिंतीवर लिहिलेला असतो. मी मान हलवली. बाहेर बाकड्यावर पोटुशा बायका बसल्या होत्या, त्यांच्यापुढे पन्नाशीची बाई काय शंका काढणार. पण घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. पिशवीचं काम संपलं, ती तर रिकामी बसलीय. तिला आता कशाचं औषध?

सकाळच्या गोळीने जादू केली. महिनाभरात वाफा गेल्या. मी रात्रभर झोपायला लागले. सकाळी उठून नवऱ्याला चहा करून दिला तर तो कपाकडे संशयाने बघत राहिला. मी पुन्हा माणसात आले होते. रात्रीच्या गोळीचं मात्र माझं जमेना. सकाळी डोकं जड, पोट फुगलेलं, छाती दुखरी. पहिल्या गोळीने दिलेलं सुख दुसरी अर्धंअधिक काढून घेतेय असं वाटायचं.

त्याच वर्षी गौरी-गणपतीला माझी थोरली बहीण रोह्याहून आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून माझ्या घरात काय शिजावं, मुलीला कुठे द्यावं, सगळ्यावर तिचा शब्द शेवटचा. मेहुणे धाटावच्या कंपनीत होते. तीनतीन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाचा संसार तिने घड्याळासारखा चालवला आणि त्याच शिस्तीने ती माझाही चालवायला बघते. फडताळावर माझी पाकिटं तिला दिसली. तिने चष्मा लावला, रात्रीच्या गोळीचं पाकीट उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचलं.

“अगो, ही तर पुढं ढकलायची गोळी!”

ती गोळी आम्हाला दोघींना चांगलीच माहीत. गौरी बसवायच्या आणि घरात कुणाची तारीख जवळ आली की आठवडा आधी ती सुरू करायची. पाळी पुढे जाते, गौरी निभावतात, मग गोळी बंद केली की दोनतीन दिवसांत सगळं येतं. मी तरुणपणी किती गणपती त्या गोळीवर काढलेत. आक्काच्या दोन्ही सुना काढतात. आक्का त्यांना स्वतः आणून देते, साखर-चहापत्तीच्या सामानात.

“तीच नाय,” मी म्हटलं, “नाव निराळं आहे.”

“निम्मं नाव सारखंच हाय. त्याच जातीची हाय ही. आता मला सांग, तुझं सगळं बंद झालं. ढकलायला तुझ्याकडं राहिलंय काय गो?”

आम्ही दोघी एवढ्या हसलो की मोदकाचं सारण चमच्यातून सांडलं. खरंच, काय राहिलं होतं ढकलायला! रोह्याला गेल्यावर तिने ओळखीच्या औषधवाल्याला विचारून फोनही केला. तो म्हणाला होता, हो, एकाच जातीच्या आहेत दोन्ही. वर आक्काने आपल्या रोह्याच्या शेजारणीचा दाखला दिला. तिला पण वाफा यायच्या, ती पण हीच सकाळची गोळी घेते, तिला डॉक्टरने एकच दिलीय. “तुलाच दोन कशाला? डॉक्टर लोकं लिवतात गो, त्यांचं काय जातंय.”

मला ते पटलं. का नाही पटणार? औषधवाल्याने खोटं सांगितलं नव्हतं. शेजारीण खोटं बोलत नव्हती. त्या गोळीने मला त्रास होतच होता. मी रात्रीची गोळी बंद केली आणि मला आणखीनच बरं वाटायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, पण बरं वाटत असताना डॉक्टरकडे कोण जातं. सकाळची गोळी दुकानातून जुन्या चिठ्ठीवर मिळत होती. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला, पापडाचा हंगाम भरात आला, आणि मग तो डाग.

तर त्या दिवशी मी पडवीत आले आणि पोळपाटाशी न बसता उंबऱ्याशी बसले. तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. आमच्यातली सगळ्यात धाकटी टाळ्याच वाजवायला लागली. “काकी, तुम्ही परत तरण्या झाल्या! पेढे काढा!”

दुसरी म्हणाली, “पाळी गेली ती गेली. ही पाळी नाय. हे नुसतं रगत. बोट कापलं तर येतं तसलं. या, लाटायला बसा.”

“बोट कापलं तर आपण कुठून आलं ते सांगू शकतो,” मी म्हटलं.

मग त्यांचा चांगलाच वाद जुंपला. पाळी नसेल तर शिवायला हरकत नाही. पण पाळी नाही हे ठरवायचं कुणी? पापडाला कसं कळणार? धाकटीचं म्हणणं, एक पापड मी लाटावा आणि तळून बघावा, लाल पडला तर पाळी. मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. माझ्या अंगात काय चाललंय ते पापड तळून ठरवायचं?

आमच्यातली थोरली आत्तापर्यंत काही बोलली नव्हती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, “आमच्या सासूला असंच आलेलं. सगळं बंद झाल्यावर.”

“मग?”

“मग काय.” तिने पापड उचलून सुपात टाकला. “लाट्या दे इकडं.”

तिची सासू मी पाहिलेली नव्हती, म्हणजे ती कधीची गेली असणार. मी पुढे विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

मी आक्काला फोन लावला. ती म्हणाली, “चार दिवस बाजूला बस, मग डोक्यावरून पाणी घे. झालं.” असं ठामपणे सांगितलं की मला धीर आला. आक्काने सांगितलं म्हणजे त्याला काहीतरी रीत आहे, ते मोजता येतं, ते संपतं. मी बाजूला बसले. डोक्यावरून अंघोळ केली. दोन दिवस काही नाही, आणि परत सुरू. पुन्हा बाजूला बसले. पुन्हा अंघोळ. पुन्हा सुरू. मला कळेना की हे पहिल्या वेळचंच चालू आहे की दुसरी पाळी धरायची. असल्या येण्याजाण्याला आमच्या रीतीत कुठेच जागा नव्हती. मी उंबऱ्यावर बसून वाळलेल्या पापडांच्या चळती लावत होते आणि माझ्या मनात थोरलीची सासू येत होती. मी घाबरले होते. ते कुणाला सांगवत नव्हतं, कारण सांगितलं की ते खरं होईल असं वाटायचं.

नवऱ्याने या विषयावर तीस वर्षांत एक शब्द काढला नव्हता. मी बाजूला बसले की तो स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचा, एवढंच. एका दुपारी तो ताट घेऊन माझ्यासमोर उंबऱ्यावरच बसला.

“तुझं तर संपलेलं ना?”

“संपलेलं.”

“मग हे काय?”

“मला काय विचारता? मला माहीत असतं तर मी अशी बसले असते का?” मी त्याच्यावर ओरडले आणि मग रडले. त्याने ताट बाजूला ठेवलं, हात धुतले आणि रिक्षा बघायला गेला.

डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर झोपवलं आणि आतून सोनोग्राफी केली. पडद्यावर करडं धुकं होतं. त्यातला एक पांढुरका पट्टा त्यांनी मोजला. मग पुन्हा मोजला. दोनदा मोजलं की माणूस काय ते समजतो.

“पापड करता ना तुम्ही?” त्या म्हणाल्या. “पिशवीला आतून अस्तर असतं. पाळी गेल्यावर ते तुमच्या पापडाएवढं पातळ व्हायला पाहिजे. तुमचं लाटीएवढं झालंय. रात्रीची गोळी चालू आहे ना?”

मी सांगितलं. पुढे ढकलायची गोळी, ढकलायला काही नाही, शेजारीण एकच घेते, सगळं. सांगताना मला स्वतःलाच ते नीट वाटत होतं, अजूनही वाटत होतं.

“त्या शेजारणीची पिशवी काढलेली आहे का?” त्यांनी विचारलं.

मी तिथल्या तिथे आक्काला फोन लावला. होय, काढलेली होती, फार वर्षांपूर्वी. आक्काला ते पहिल्यापासून माहीत होतं. पिशवीचा आणि गोळीचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं.

“पिशवीच नाही तर अस्तर कुठून येणार,” बाई म्हणाल्या. “म्हणून तिला एक गोळी पुरते. तुमची पिशवी आहे. सकाळची गोळी वाफा घालवते, पण ती अस्तरही वाढवते. रात्रीची त्याला सांगते, बस झालं, आता वाढू नको. तुम्ही ती बंद केलीत. ते इतके महिने वाढत राहिलं.”

“मग असं सांगायचं ना!” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

“सांगितलं होतं. पिशवीसाठी म्हणून.”

“पिशवीसाठी म्हणजे काय? माझ्या पिशवीला काय झालंय ते मला काय ठाऊक? एवढं एक वाक्य बोलल्या असतात, अस्तर वाढतं म्हणून, तर मी छाती दुखली तरी घेतली असती.”

बाहेर पुढच्या बाईचं नाव पुकारत होते, डॉक्टरीणबाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं. मग कागद घेऊन चित्र काढून सगळं पहिल्यापासून समजावलं. त्यात माझा गोंधळ थोडा कमी झाला आणि थोडा वाढला. पुढे ढकलायची गोळी खरंच त्याच जातीची होती. ती चालू असते तोवर अस्तर धरून ठेवते, म्हणून पाळी पुढे जाते. बंद केली की अस्तर सुटतं. आणि रोज घेत राहिलं की ते पातळ राहतं. एकच गोळी अडवते, आणते आणि आवरते. मी विचारलं, मग तिचं खरं काम कुठलं? बाई म्हणाल्या, तिन्ही. असं कसं असेल, ते मला आजही पुरतं उमगलेलं नाही.

“आता काय करायचं?”

“आतला थोडा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. वाढलेलं अस्तर बहुतेक वेळा साधं असतं. पण पाळी गेल्यावर रक्त आलं की बघितल्याशिवाय सोडायचं नसतं. कधीकधी त्यात कॅन्सर निघतो.”

त्यांनी तो शब्द उच्चारला तेव्हा मला जवळजवळ बरं वाटलं. इतके दिवस तो पडवीत आमच्यात बसून होता आणि कुणी त्याचं नाव घेत नव्हतं.

तुकडा काढला. ओटीपोटात कुणी मुठीने पिळल्यासारखं झालं आणि संपलं. रिपोर्ट यायला वेळ होता. सकाळची गोळी बंद केली होती, त्यामुळे वाफा पुन्हा धावत आल्या. मी पापड लाटत नव्हते, शिवतही नव्हते. आता प्रश्न पाळीचा राहिला नव्हता, पण बसायची सवय लागली होती. एक बाई येऊन सांगून गेली, काढून टाक पिशवी, ब्याद नको. तिच्या ओळखीतल्या सगळ्यांनी काढली होती. मला तेही पटलं आणि नाहीही पटलं. ज्या पिशवीत मुलगी वाढली ती अशी ब्याद म्हणून काढायची? आणि ठेवायची तरी कशाला? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तुझी हाय, तू ठरव.” मला ठरवता येत असतं तर त्याला विचारलं असतं का?

आक्का रोज फोन करायची. रिपोर्ट आला का. नाही आला. मला तिचा राग यायला लागला होता. तिच्या एका वाक्यावर मी गोळी बंद केली, आणि ती मात्र रोह्यात मजेत वाल सोलत बसलीय. मी मनातल्या मनात तिला काय काय सुनावत होते.

रिपोर्ट आला तो डॉक्टरीणबाईंनी आधी स्वतः वाचला आणि मग हसल्या. “वाढ आहे, पण वाईट पेशी नाहीत. साधी वाढ. औषधाने जाईल.” आणि औषध काय, तर तीच रात्रीची गोळी, जास्त ताकदीची, बरेच महिने. मग पुन्हा तुकडा काढून बघायचा. वाफांचं काय करायचं ते त्यानंतर ठरवू म्हणाल्या. नवरा दाराशी उभा होता. त्याने टोपी काढली आणि परत घातली.

दुसऱ्याच दिवशी मी रोह्याची गाडी पकडली. फोनवर सांगता आलं असतं. मला समोर बसून भांडायचं होतं. कासू गेलं, नागोठणं गेलं, मी खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होते. आता आयुष्यात मला काही सांगायला येऊ नकोस. तुझं ऐकून मी मरता मरता वाचले. अशी वाक्यं.

आक्का मागच्या पडवीत भिजवलेले वाल घेऊन बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, सुना बाजाराला गेल्या होत्या. मी चपला काढायच्या आधीच तिने विचारलं, “काय आलं?”

“चांगलं आलं. तुझ्या कृपेने नव्हे.”

तिने डोळे मिटले आणि हातातली सोललेली डाळिंबी परातीत टाकली. मी तिच्यासमोर बसले आणि जुळवून आणलेलं सगळं बोलले. ती ऐकत होती. आक्का कधी ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी ऐकत होती. मी दमले तेव्हा सवयीने वाल सोलायला घेतले.

“आतनं करतात ती सोनोग्राफी,” ती म्हणाली, “दुखतं काय गो?”

“नाही. अवघडल्यासारखं होतं.”

“आनि तुकडा काडतात तवा? भूल देतात?”

“मला नाही दिली. थोडी कळ येते.”

“बाई डॉक्टरच असते ना? पुरुष नसतो?”

माझा हात थांबला. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. एक एक वाल दाबून साल सोडवत होती, फार सावकाश.

“आक्का, तुला कधीपासून?”

“शिमग्याच्या आदीपासून.”

मला आधी ते कळलंच नाही. शिमगा म्हणजे माझ्या कितीतरी आधी. “आणि मला बाजूला बसायला सांगितलंस? तू बसलीस?”

“मी कशाला बसू? सांगितलंच नाय कुणाला. सुनांना काय सांगायचं या वयात? येतं-जातं. मी म्हटलं उष्णता आसंल. मग तुला आलं. तवा म्हटलं, तुझा रिपोट येवदे, मग बगू.” आता तिने मान वर केली. “तुझं चांगलं आलं. म्हंजे माजंपन चांगलंच आसंल ना गो? आपलं रगत एकच.”

हो म्हणायला मी तोंड उघडलं. माझं त्या सकाळच्या गोळीमुळे झालं होतं. इतके दिवस मी त्या गोळीला शिव्या देत होते, पण तिच्यामुळे निदान कारण तरी होतं. आक्काने तर आयुष्यात डोकं दुखलं तरी गोळी घेतलेली नाही. मग तिचं कशामुळे?

“आसंल ना?” तिने पुन्हा विचारलं.

“साडी बदल,” मी म्हटलं. “पेणला जायचंय आपल्याला.”

“आत्ता? आनि हे बिरडं?”

“आत्ता.”

मला वाटलं ती आता माझ्यावर खेकसेल, म्हणेल, तू कोण मला सांगणार. तिने परात सरकवली, पदराला हात पुसले, आणि साडी बदलायला आत गेली.